बांधावरचा नंदन

१७९८ मध्ये तंजावरची गादी गेल्यावर अमरसिंह भोसले कुंभकोणमजवळच्या तिरुविडैमरुदूरला येऊन राहिले. राज्य गेले, गाणे राहिले. पुढे त्यांचे पुत्र प्रतापसिंह यांच्या पदरी असलेल्या रामदासांकडून गोपाळकृष्ण भारती हिंदुस्थानी संगीत शिकले. तंजावरचे मराठे म्हटले की आपण सरफोजी आणि सरस्वती महाल यांपाशीच थांबतो. ही शिकवणी नजरेतून सुटते.

भारतींच्या तमिळ ‘नंदनार चरित्रा’त चिदंबरमच्या दर्शनाची आस लागलेला अस्पृश्य शेतमजूर आहे आणि त्याला जाऊ न देणारा ब्राह्मण जमीनदार आहे. हा जमीनदार ‘पेरियपुराणा’त नाही, तो भारतींनी आणला. त्यामुळे देवळाच्या दाराशी असलेला अडसर शेताच्या बांधावरही दिसू लागला. कृतीचे मोठेपण यात आहे.

मर्यादाही आहे. मूळ कथेतला अग्निप्रवेश भारतींनी तसाच ठेवला. आगीतून शुद्ध झाल्यावाचून नंदनला आत वाट नाही. चोखोबा दाराबाहेरून स्वतः बोलतात; नंदनासाठी भारती बोलतात. कळवळा खरा आहे, पण वाणी दुसऱ्याची आहे. ऐकताना दोन्ही ध्यानात ठेवावे.