नववा उमेदवार

वैमानिकांनीं लिहिलेल्या ग्रंथांचें एक लहानसें कपाट आतां कोणत्याही बऱ्या ग्रंथालयांत सांपडतें. त्या ग्रंथांत ढग आहेत, वादळें आहेत, शत्रूच्या तोफा आहेत आणि अंधारांत अनोळखी भूमीवर उतरण्याचे प्रसंग आहेत. परंतु अर्ज पाठविल्यापासून निवडीचें पत्र हातीं पडेपर्यंतचा जो काळ, त्याला बहुतेक लेखक चार ओळींत निरोप देतात. यांत आश्चर्य नाहीं. जो उडाला त्यानेंच पुस्तक लिहिलें. आणि जो उडाला त्याला जमिनीवर काढलेले दिवस आठवण्याची गरज काय? आम्हांस मात्र असें वाटतें कीं, या वाङ्मयांतील मनुष्यस्वभावाची खरी खाण याच चार ओळींखालीं पुरलेली आहे. ती कोणी कितपत उकरली, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखांत विचार आहे.

इतर परीक्षांचा उमेदवार उत्तरपत्रिका देऊन मोकळा होतो. लष्करी विमान चालवूं इच्छिणारा तरुण स्वतःलाच तोलायला देतो. डेहराडून, म्हैसूर, वाराणसी, गांधीनगर अशा एखाद्या ठिकाणीं निवडमंडळापुढें त्याला पांच दिवस राहावें लागतें. तेथें त्याचें नांव बाजूला पडून छातीवरील क्रमांक हीच त्याची ओळख होते. पहिल्याच दिवशीं चाळणी लागते व पुष्कळांना त्याच सायंकाळीं स्टेशनची वाट धरावी लागते. उरलेल्यांच्या अंतरंगाकडे मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा अधिकारी आणि मैदानावर गटाचीं कामें पाहणारा अधिकारी असे तिघे निरनिराळ्या वाटांनीं येतात. वैमानिक व्हावयाचें तर आणखी एक कसोटी आहे. पूर्वीं ती 'पीएबीटी' या आद्याक्षरांनीं ओळखली जाई, आतां ती संगणकावर घेतात. आणि तींत एकदां नापास झालेल्याला जन्मांत पुन्हां बसतां येत नाहीं. हें सर्व पार पडलें तरी वैद्यकीय तपासणी उरतेच. तींत डोळे तर पाहतातच, पण पायांची लांबी व बसल्यावरची उंचीही मोजतात, कारण विमानांतील आसन माणसासाठीं ताणतां येत नाहीं. मग गुणानुक्रमाची यादी, आणि तिची वाट पाहणें! मंडळानें शिफारस केलेला मुलगाही जागा पुरल्या नाहींत तर घरींच राहतो. मुलींना तर १९९० नंतरच्या दशकापर्यंत वैमानिक म्हणून नाकारलें जाण्याचाही अधिकार नव्हता. लढाऊ विमानांच्या पहिल्या तिघी वैमानिक हवाई दलांत दाखल झाल्या त्या २०१६ सालीं.

दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ पासून, ब्रिटिश सैन्यानें अधिकारी निवडण्याची जी पद्धत उभारली तिचेंच हें आपल्याकडील रूप. त्यांतील एक भाग वाङ्मयाच्या अभ्यासकांनीं मुद्दाम पाहण्यासारखा आहे. उमेदवाराला एक अस्पष्ट चित्र अर्धें मिनिट दाखवितात, आणि चार मिनिटांत त्यावर एक गोष्ट लिहावयास सांगतात. अशीं अकरा चित्रें होतात. बारावा पडदा कोरा असतो, त्यावरची गोष्ट सर्वस्वीं उमेदवाराची. या कसोटीचें मूळ १९३० नंतरच्या दशकांत हार्वर्ड विद्यापीठांत हेन्री मरे व क्रिस्टियाना मॉर्गन यांनीं घातलें. आणि हा मरे हर्मन मेलव्हिल या कादंबरीकाराचा जन्मभर पाठपुरावा करणारा अभ्यासक होता, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. कथा सांगतांना माणूस स्वतःला लपवूं शकत नाहीं, हा टीकाकारांचा जुना सिद्धांत असा लष्कराच्या कामीं आला!

पण लष्कराच्या हातीं येतांच त्याचें काय झालें? उमेदवार तयारी करूं लागला. शिकवणीच्या वर्गांत त्याला सांगण्यांत येतें कीं, नायक तरुण असावा, त्याच्यापुढें अडचण असावी, त्यानें चार मित्र जमवावे, आणि गोष्ट यशांत संपावी. पूर आला तर पूल बांधला गेलाच पाहिजे. खिडकीपाशीं कोणी खिन्न बसलेला दिसला तर चौथ्या मिनिटाच्या आंत तो उठलाच पाहिजे. असल्या गोष्टींत कोणी मरत नाहीं, कोणी नुसता बसून राहत नाहीं, आणि नायक अपयशी झालाच तर पुढच्याच वाक्यांत तो त्याहून मोठें कांहीं तरी करून दाखवितो.

हें आम्ही थट्टेनें लिहीत नाहीं. आमचें म्हणणें असें आहे कीं, यशस्वी पुरुषांचीं आत्मचरित्रें बहुधा या चार मिनिटांच्या गोष्टीचाच विस्तार असतात. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचें 'विंग्ज ऑफ फायर' अरुण तिवारी यांच्या साह्यानें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. माधुरी शानभाग यांनीं केलेला त्याचा 'अग्निपंख' हा अनुवाद महाराष्ट्रांत इतका वाचला गेला आहे कीं, त्याचा परिचय करून देणें म्हणजे वाचकांचा अपमान होय. आम्हांस त्यांतील फक्त दोन-चार पानांविषयीं बोलावयाचें आहे. रामेश्वरमचा हा तरुण मद्रासेंत विमानविद्येचें शिक्षण पुरें करून दोन अर्ज करतो: एक हवाई दलाकडे, दुसरा संरक्षण खात्याच्या तांत्रिक विकास व उत्पादन संचालनालयाकडे. दोन्हीकडून बोलावणीं येतात. तो आगगाडीनें उत्तरेस जातो, दिल्लीस मुलाखत देतो, आणि मग डेहराडूनास निवडमंडळापुढें उभा राहतो. उमेदवार पंचवीस, घ्यावयाचे आठ, कलामांचा क्रमांक नववा.

या आंकड्यांत जी क्रूरता आहे ती पंचविसाव्या क्रमांकांत नाहीं. पंचविसावा म्हणतो, हें आपलें काम नव्हे, आणि गांवाकडे परततो. नवव्याला असें म्हणतां येत नाहीं. आठव्यांत व आपल्यांत अंतर होतें तें एका उत्तराचें, कीं एखाद्या उडीचें, कीं बोलतांना अडखळलेल्या एका शब्दाचें, हें त्याला कधींच कळणार नसतें. मंडळानें बुद्धीपेक्षां व्यक्तिमत्त्वावर भर दिला, असें कलाम नमूद करतात. त्या वाक्यांत तक्रार नाहीं; पण रामेश्वरमच्या गल्लींतून आलेल्या मुलाला 'व्यक्तिमत्त्व' या शब्दानें काय काय ऐकूं आलें असेल, याची कल्पना आमच्यासारख्या, परक्या भाषेंत मुलाखती देत वाढलेल्या पिढीला सहज करतां येते.

येथवर पुस्तक उत्तम आहे. निकालानंतर हा तरुण एका कड्याच्या टोंकाशीं उभा राहतो, खालीं दूर सरोवर दिसतें. हें चित्र लेखकाच्या हातून जणूं नकळत उतरलें आहे, आणि म्हणूनच तें सबंध ग्रंथांत आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें. परंतु लेखक तेथें थांबत नाहीं. तो ऋषिकेशला उतरतो, गंगेंत स्नान करतो, स्वामी शिवानंदांच्या आश्रमांत जातो. वैमानिक होणें तुझ्या नियतींत नाहीं, तेव्हां नियतीचा स्वीकार कर, असें स्वामी त्याला सांगतात. पान उलटतें तों दिल्लीस नेमणुकीचें पत्र तयार! महिना अडीचशें रुपये मूळ वेतनावर तो वरिष्ठ वैज्ञानिक साहाय्यक होतो; आणि पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे.

आमचा आक्षेप अनुभवावर नाहीं. ऋषिकेशला एका दुःखी तरुणाला शांति लाभली, हें कोणी कां नाकारावें? आक्षेप रचनेवर आहे. कड्यापासून आश्रमापर्यंत त्या पायांनीं जें अंतर काटलें तें लेखणीनें काटलेलें नाहीं. नकार मिळाल्यावरची रात्र, घरीं कळवावयाचें पत्र, बरोबरच्या आठांचे चेहरे, यांतील कांहींच आपणांस दिसत नाहीं. शिवाय रचनेनें एक साधी गोष्ट झांकून टाकली आहे, ती ही कीं अर्ज दोन होते. स्वामींच्या शब्दांनीं शांत झालेला मनुष्य आणि दुसरें पत्र मिळाल्यामुळें शांत राहूं शकलेला मनुष्य, हे दोघे एकाच कोटांत उभे आहेत, आणि लेखकानें आपणांस त्यांतील एकच दाखविला आहे.

कोणी म्हणेल, पुस्तक तरुणांसाठीं लिहिलेलें. त्यांत धीर दिला तर काय बिघडलें? बिघडतें तें सांगतों. आमच्या पेशामुळें दर वर्षीं असे मुलगे आमच्यासमोर येतात. कोणी नाशिकच्या भोसला सैनिकी शाळेंतून आलेला असतो, कोणी १९७७ सालीं औरंगाबादेस निघालेल्या सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्थेंतून. खडकवासल्याचें वय उलटून गेलें म्हणून आतां पदवीनंतरच्या वाटेनें प्रयत्न करणारे असतात. निवडमंडळाकडून परतल्यावर यांतील पुष्कळांची वाचा गेलेली असते. त्यांनीं 'अग्निपंख' वाचलेलें असतें, आणि त्यामुळें एक नवेंच दुःख त्यांच्या वांट्याला येतें: आपल्याला नकार मिळाला, आणि तरी त्याच्यामागून कांहीं मोठें उगवत नाहीं! दुसरें पत्र आलेलें नसतें. येणारही नसतें. ज्या मुलानें एकच अर्ज केला होता, त्याला त्या पुस्तकांत राहावयास जागा नाहीं.

ती जागा कादंबरींत आहे. विल्यम फॉक्नर १९१८ च्या जुलैंत टोरोंटो येथें रॉयल एअर फोर्सचा प्रशिक्षणार्थी झाला. प्रवेश मिळावा म्हणून त्यानें इंग्रज असल्याची बतावणी केली होती. शिक्षण पुरें होण्याच्या आंत, ११ नोव्हेंबरला युद्धच संपलें. हा गृहस्थ मिसिसिपींतील आपल्या गांवीं परतला तो अधिकाऱ्याचा गणवेष चढवून आणि लंगडत. विमान कोसळल्याच्या कथा तो पुढें कित्येक वर्षें सांगत असे. नीतीच्या दृष्टीनें हें लाजिरवाणें आहे, यांत संशय नाहीं. पण १९२६ च्या 'सोल्जर्स पे' या त्याच्या पहिल्या कादंबरीच्या आरंभीं घरीं परतणाऱ्या सैनिकांच्या आगगाडींत कॅडेट लो नांवाचें एक पोर बसलें आहे, त्याच्याकडे पाहावें. ज्याला पंख मिळण्यापूर्वींच युद्ध थांबलें असा हा मुलगा. त्याच गाडींत डोनाल्ड मेहन हा जखमी वैमानिक आहे. त्याचा चेहरा विद्रूप झालेला, दृष्टि जात चाललेली, मरण जवळ आलेलें. आणि लो त्याचा हेवा करतो! ती भयंकर जखम, तें मरणसुद्धां, आपलें सबंध शरीर देऊन तो विकत घ्यावयास तयार आहे, कारण त्यासोबत छातीवरचे पंख येतात.

न निवडलेल्या माणसाच्या मनाचा इतका उघडा छेद कोणत्याही वैमानिकाच्या आत्मचरित्रांत आम्हांस आढळला नाहीं. तो हास्यास्पद आहे, आणि तरी हंसतांना आपण ओशाळतों. फॉक्नरनें जगतांना जें खोटें सांगितलें तेंच लिहितांना त्यानें उलटून पाहिलें. अर्थात् त्यालाही हें फार वेळ सोसवलें नाहीं. लोला तो लवकरच कथेंतून घरीं पाठवून देतो, आणि पुढें हा मुलगा केवळ आपल्या बालिश प्रेमपत्रांतून भेटत राहतो. प्रतीक्षा करणाऱ्याला गाडींतून उतरवून देण्याचा मोह कादंबरीकारालाही सुटत नाहीं!

रोआल्ड डाल याचा मार्ग निराळा. 'गोइंग सोलो' (१९८६) मध्यें १९३९ च्या नोव्हेंबरांतील त्याचा प्रवास आहे: दार-ए-सलामहून नैरोबीपर्यंत सुमारें सहाशें मैल, एकट्यानें, मोटारीनें, वैमानिक म्हणून नांव नोंदविण्यासाठीं. वाटेंत तो जिराफांशीं बोलतो, हत्तींकडे पाहत बसतो. साडेसहा फूट उंचीचा हा उमेदवार विमानांत मावणार कसा, ही शंका डॉक्टरालाही येते. तरी तो पास होतो. हा सगळा मजकूर खेळकर आहे. पण त्याच्या बरोबर शिकलेल्यांतील बहुतेक तरुण पुढें युद्धांत मेले, हें डाल मध्येंच सांगून टाकतो, आणि मग ते रिकामे सहाशें मैल वाचकाच्या डोळ्यांसमोर पुन्हां उभे राहतात. वाट पाहण्याचे दिवस हेच त्यांच्या आयुष्यांतले भरघोस दिवस होते कीं काय, असें वाटूं लागतें.

नकाराची आणखी एक जात आहे, तिचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजांतील हरदितसिंग मलिक यांना पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश विमानदलांत प्रवेश नव्हता, तो त्यांच्यांत कांहीं उणें म्हणून नव्हे. ते हिंदी होते म्हणून. ते फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवीत राहिले. फ्रेंचांनीं त्यांना आपल्या विमानदलांत घेण्याची तयारी दाखविली, तेव्हां त्यांच्या ऑक्सफर्डच्या गुरूनें ब्रिटिश सेनापतीस लिहिलें, आणि १९१७ च्या एप्रिलांत त्यांना प्रवेश मिळाला. येथें प्रतीक्षा करणाऱ्याला स्वतःवर रागावण्याची पाळी तरी येत नाहीं. नववा क्रमांक आलेल्याला तें सुख नसतें.

तेव्हां पुन्हां कलामांकडे. ८ जून २००६ रोजीं पुण्याच्या लोहगांव तळावरून सुखोई-३० जातीच्या लढाऊ विमानांत बसून राष्ट्रपति कलाम आकाशांत गेले. तेव्हां ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, आणि घटनेप्रमाणें तिन्ही दलांचे सर्वोच्च सेनापति होते. वृत्तपत्रांनीं त्यांच्या उत्साहाचें कौतुक केलें. पुढें २०१३ सालीं, मृत्यूच्या दोन वर्षें आधीं, 'माय जर्नी' या छोट्या पुस्तकांत त्यांनीं आपल्या अपयशाला एक स्वतंत्र प्रकरण दिलें, आणि डेहराडूनची तीच हकीकत पुन्हां सांगितली. नियतीचा निर्णय ऋषिकेशला खरोखरच गळीं उतरला असता, तर अर्धशतकानंतर, अग्निबाणांचें आणि राष्ट्रपतिभवनाचें सर्व कांहीं सांगून झाल्यावर, नवव्या क्रमांकाकडे परत येण्याचें कारण काय होतें? आमच्या मतें या पुनरावृत्तींत कलाम लेखक म्हणून अधिक प्रामाणिक ठरतात. सांत्वनाचे शब्द तेथेंही आहेत. पण पुन्हां सांगावेंसें वाटणें हेंच त्या शब्दांवरचें भाष्य आहे. शालेय पुस्तकांत ऋषिकेशचा उतारा घ्यावयाचा असल्यास त्याच्या शेजारीं हें २०१३ चें प्रकरणही छापावें, आणि वरच्या वर्गांसाठीं 'सोल्जर्स पे'मधील आगगाडीचीं पहिलीं पानें कोणा चांगल्या मराठी लेखकाकडून भाषांतरित करवून घ्यावीं, अशी पाठ्यपुस्तकें निवडणाऱ्या मंडळींना आमची सूचना आहे.