भूर्जाचे भाऊबंद

रशियन भाषेतील ‘बेर्योझा’ म्हणजे आपला भूर्ज, हे साम्य व्याख्यानांतून वारंवार ऐकू येते. साम्य खरे आहे. परंतु त्यावरून रशियन भाषा संस्कृतातून निघाली, असा जो निष्कर्ष टाळ्या घेऊन जातो, तो आम्हांस मान्य नाही.

रशियन ‘बेर्योझा’, पोलिश ‘ब्झोझा’, सर्बियन ‘ब्रेझा’ ही सारी आद्य स्लाव्ह भाषेतील *बेर्झा या रूपाची संतती. हे मूळ रूप कोठेही लिहिलेले सापडत नाही. वंशज शब्दांवरून अभ्यासकांनी ते सिद्ध केले, म्हणून त्यापुढे तारका घालतात. मूळच्या ‘एर्’चे सर्बियनमध्ये ‘रे’ झाले, तर रशियनमध्ये रकाराच्या दोन्ही बाजूंस स्वर आला. नगरवाचक शब्दातही हाच भेद दिसतो : सर्बियन ‘ग्राद’, रशियन ‘गोरोद’. अशा नियमबद्ध भेदालाच पुरावा म्हणावे. कानाला गोड वाटणाऱ्या साम्याला नव्हे.

लिथुआनियन ‘बेर्झास’ आणि संस्कृत ‘भूर्ज’ हे याच कुळातले. पांढऱ्या, चकाकत्या सालीवरून हे नाव पडले असे मानतात. मात्र संस्कृतातील दीर्घ ऊकारातून स्लाव्ह ‘ए’ कसा निघावा, याचे उत्तर जननीवाद्यांपाशी नाही. आम्ही सरकारी नोकरीत वारसनोंदी पाहिल्या. तेथे थोरल्या भावाला बाप म्हणून दाखविल्यास नोंद रद्द होते. येथे मात्र टाळ्या मिळतात!

नात्याचे मोल त्यामुळे कमी होत नाही. नोव्हगोरोद येथे १९५१पासून या झाडाच्या सालीवर लिहिलेली मध्ययुगीन पत्रे शेकड्यांनी सापडली. इकडे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत ऋग्वेदाची शारदा लिपीतील भूर्जपत्रावरील पोथी जपलेली आहे. दोन दूरच्या भाऊबंदांनी एकाच सालीवर अक्षर ठेवले.

लॅटिन भाषकांनी याच कुळातला ‘फ्राक्सिनुस’ हा शब्द दुसऱ्याच वृक्षाला दिला. आपल्याकडे झाड हिमालयातच राहिले; मराठीत ‘भूर्जपत्र’ तेवढे उरले. पिढ्यान्‌पिढ्या मूळ गावाबाहेर राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना हे नवे नाही. गाव सुटते, शब्द सोबत येतो. तो जपावा, पण त्याची वंशावळ खोटी लिहू नये.