दरडोई चौरस मीटर : उद्यानांच्या गरजेचे एक अपुरे माप

नगरांच्या दीर्घकालीन विकास आराखड्यांत उद्याने व क्रीडांगणे यांची गरज बहुधा एकाच आकड्याने व्यक्त केली जाते : माणशी इतके चौरस मीटर मोकळी जागा. केंद्र शासनाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत हे प्रमाण १० ते १२ चौरस मीटर आहे. माप सुटसुटीत खरे. परंतु ते गरज मोजते काय, हे बृहन्मुंबईच्या उदाहरणावरून तपासणे उद्‌बोधक ठरेल.

२०११ च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. माणशी १० चौरस मीटर द्यावयाचे, तर सुमारे १२४ चौरस किलोमीटर, म्हणजे शहराच्या क्षेत्राच्या चतुर्थांशाहून अधिक, भूमी लागते. माप असे आवाक्याबाहेरचे असले, की गरज भागविण्याऐवजी व्याख्याच सैल करण्याचा मोह उत्पन्न होतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर असून त्याचा बराच भाग ठाणे जिल्ह्यात आहे. ते संपूर्ण हिशेबात धरल्यास कागदावर माणशी ८ चौरस मीटरांची भर पडते. धारावीतील मुलाला मात्र खेळावयास हातभरही अधिक जागा लाभत नाही. वनाचे मोल मोठे आहे, पण ते घराजवळच्या मैदानाचे काम करू शकत नाही.

सरासरीत दुसराही दोष आहे. दादरच्या शिवाजी पार्कवर क्रिकेट खेळणारी मुले आणि कट्ट्यावर बसणारे वृद्ध यांना सारखाच वाव आहे. तेवढीच जागा केवळ सभासदांसाठी राखली गेली, तरी चौरस मीटर तेच राहतात. अमेरिकेतील राष्ट्रीय रंजन व उद्यान संघटनेने १९८३ मध्ये हजार लोकांमागे ६.२५ ते १०.५ एकर असे प्रमाण सुचविले होते. १९९६ च्या सुधारित ग्रंथात तिनेच सर्वत्र एकच प्रमाण लावण्याऐवजी स्थानिक मागणीच्या पाहणीवर भर दिला. हा बदल लक्षणीय आहे.

दरडोई प्रमाण सर्वस्वी त्याज्य नव्हे. बांधकामाच्या रेट्यापुढे भूमी राखण्यास असा आकडा उपयोगी पडतो. परंतु नकाशावरील आरक्षण म्हणजे उद्यान नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत भूसंपादन न झाल्यास जमीनमालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरही विहित मुदतीत संपादनाची पावले न पडल्यास आरक्षण व्यपगत होते. वीस वर्षांच्या आराखड्यात भूसंपादनाचा निधी व क्रम निश्चित केलेला नसेल, तर निम्म्या वाटेवरच त्यातील मैदाने गळू लागतात.

म्हणून गरजेच्या मोजणीचा आरंभ प्रभागापासून व्हावयास हवा. घरापासून किती मिनिटे चालावे लागते, वाटेत लोहमार्ग वा महामार्ग ओलांडावा लागतो काय, फाटक कोणत्या वेळी व कोणासाठी उघडे असते, वस्तीत मुले व वृद्ध किती आहेत, या प्रश्नांची उत्तरे प्रथम मिळवावीत. दरडोई आकडा त्यानंतर काढावा. तो आधीच ठरविला, तर ज्या वस्तीत मैदान नाही, तीच हिशेबातून नाहीशी होते.