मागाची गल्ली आणि रंगवलेली भिंत

खापा हे नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यातले, कन्हान नदीकाठचे विणकरांचे गाव. इथल्या वस्तीकलेचा विचार मागापासूनच करावा लागतो. कोष्ट्याचा खड्डामाग घरात असे, पण त्याचे अर्धे काम दारापुढच्या गल्लीत चाले. गल्लीच्या लांबीचा ताणा ताणायचा, खळ लावायची, कुंच्याने सूत सारखे करायचे, तुटलेला धागा सांधायचा आणि ऊन चढायच्या आत सगळे उरकायचे. एका घराच्या हातांनी हे निभत नसे, शेजार लागे. लुगड्याचा काठ कोणत्या रंगाचा, याचा निवाडाही तिथेच उभ्याउभ्या होई. गल्ली म्हणजे कारखाना, आणि प्रदर्शनाचे दालनही तीच.

ही व्यवस्था एका दिवसात मोडली नाही. 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गिरणीच्या सुताने माग चालता राहिला, तर गिरणीच्या कापडाने त्याचे गिऱ्हाईक पळवले. पुढे यंत्रमागाने उरलेसुरले खेचले. 1971 मध्ये नागपुरात मुख्यालय असलेले राज्य हातमाग महामंडळ आले. 1985 च्या कायद्याने काही वाण हातमागासाठी राखून ठेवले. सुरुवातीला 22 असलेली त्यांची यादी पुढे 11 वर आली. कायद्याने वाण राखला, विणणाऱ्याची मजुरी मात्र बाजारानेच ठरवली. खाप्याजवळच्या गुमगावची मँगनीजची खाण चालू आहे, पण खाणीतल्या रोजगाराने घरातला माग चालत नाही.

उद्योग ओसरलेल्या किंवा हलाखीतल्या वस्तीला कलेने उभारी द्यावी, हा विचार महाराष्ट्रात अलीकडे बराच फोफावला आहे. 2018 मध्ये मुंबईतल्या घाटकोपरजवळच्या असल्फ्याच्या टेकडीवरची घरे स्वयंसेवकांनी रंगवली. मेट्रोतून टेकडी झकास दिसू लागली. पाण्याचा नळ मात्र होता तिथेच राहिला. 2015 च्या धारावी बिनालेने अधिक सकस वाट धरली: रहिवाशांसोबत कार्यशाळा घेऊन आरोग्याच्या प्रश्नांवर त्यांच्याच हातून कलाकृती घडवल्या. तरीही दोन्हीकडे आरंभ बाहेरचा. पैसा, मुदत आणि छायाचित्रकार तिघेही ठरलेले, त्यामुळे दुसऱ्या वर्षी काय, हा प्रश्न अवघडच.

मुंबईच्याच गिरणगावाची गोष्ट याच्या उलट आहे. तिथली कला कोणी आणून दिली नव्हती. चाळीतली भजनी मंडळे, कोकणातून आलेले नमन आणि दशावतार, 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी उभे केलेले लाल बावटा कलापथक, हे सगळे कामगारांच्या पाळ्यांमधल्या फुरसतीत वाढले. 1982 च्या संपानंतर पाळ्याच गेल्या. गिरण्यांच्या जागेवर मॉल आणि मनोरे आले आणि कलाकार विरार-डोंबिवलीकडे पांगले. वस्ती उठली की तिची कला भिंतीवर चित्र काढून परत येत नाही. नागपुरातही एम्प्रेस मिलच्या जागेवर मॉलच आहे.

वस्तीनेच चालवलेल्या कलेचा विदर्भातला भक्कम नमुना कोणत्याही प्रकल्पात बसत नाही, म्हणून नजरेतून सुटतो: नागपूरची मारबत, म्हणजे मिरवून जाळायचे पुतळे. काळ्या मारबतीची परंपरा 1881 पासूनची आणि पिवळीची 1885 पासूनची सांगतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-बुधवारीच्या बोळांतून त्या निघतात. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद-कापड आणि रंग; हात वस्तीतले, पैसा वर्गणीचा. सोबतचे बडगे, म्हणजे टोमणे मारणारे पुतळे, दरवर्षी नवे असतात, कारण महागाई, भ्रष्टाचार, खड्डे असे विषयही दरवर्षी नवे सापडतात. शेवटी सारे जाळून टाकतात. कलाकृती टिकवण्याची काळजीच नाही. टिकतो तो ती पुन्हा बांधणारा हात. बाहेरच्या समीक्षकाला यात ओबडधोबडपणा दिसेल, आणि काही बडगे खरोखर बटबटीत असतात. पण कोणाला टोमणा मारायचा हे वस्तीच ठरवते. हा अधिकार असल्फ्याच्या रंगात नव्हता.

खाप्यासारख्या गावाबाबत विचार करायचा तर भिंतीपेक्षा काठ महत्त्वाचा. विदर्भाच्या करवती काठाला भौगोलिक मानांकन आहे. मधल्या अंगाला एक आणि दोन काठांना दोन, असे तीन धोटे चालवून काठ आणि अंग ओळीगणिक एकमेकांत अडकवावे लागतात. तेव्हा त्यांच्या सांध्यावर करवतीसारखे दाते उमटतात. हे काम संथ आहे आणि जवळ बसून पाहिल्याशिवाय हाताला येत नाही. मानांकनाने नावाचे रक्षण होते. दाता बिघडला तर तो उसवून पुन्हा विणायला लागणाऱ्या वेळेची किंमत त्यात धरलेली नसते. ती किंमत साडीच्या भावात येईपर्यंत विणकराचा मुलगा मागावर बसणार नाही, आणि सकाळच्या उन्हात गल्लीभर ताणाही पसरणार नाही.