ओढगस्तीच्या घरातले हास्य

अमेरिकन विनोदी मालिकांतील कुटुंबे बहुधा नीटनेटक्या घरांत राहतात, आणि पैशाची चणचण तेथे एखाद्या भागापुरती पाहुणी म्हणून येते. लिनवुड बूमर यांनी निर्माण केलेल्या ‘माल्कम इन द मिडल’ या मालिकेत ती घरातील कायमची रहिवासी आहे. फॉक्स वाहिनीवर २००० ते २००६ या काळात सात पर्वांत तिचे १५१ भाग दाखविले गेले.

फ्रान्सिस, रीस, माल्कम आणि ड्यूई हे चार भाऊ. पुढे जेमी हा पाचवा. आई लोइस औषधांच्या व किरकोळ वस्तूंच्या दुकानात काम करते. बाप हॅल कचेरीत नोकरी करतो. हे कुटुंब बाहेरगावी गेले की सारी गल्ली उत्सव करते, यावरून त्यांच्या गोंधळाची कल्पना यावी. मालिकेत ध्वनिमुद्रित हशा नाही. कोठे हसावे आणि कोठे गप्प राहावे, हे प्रेक्षकानेच ठरवायचे असते. हा प्रेक्षकावरील विश्वास आम्हांस मोलाचा वाटतो.

असामान्य बुद्धीचा माल्कम मधूनमधून थेट आपल्याशी बोलतो. त्यामुळे आपण त्याच्या बाजूचे होतो, आणि लोइस आपल्याला जुलमी वाटू लागते. परंतु कथानक हळूहळू तिची बाजूही मांडते. २००१ मधील ‘बोलिंग’ या भागात एकच संध्याकाळ दोनदा घडते: एकदा मुलांना आई नेते, एकदा बाप. शिस्त आणि मोकळीक, दोन्हींचा शेवट फजितीत होतो. पालकत्वाला खात्रीचा मार्ग नाही, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी सांगितले असेल.

दोषही सांगितले पाहिजेत. रीसची मारकुटी वृत्ती लेखकांनी फार स्वस्तात हास्यास्पद केली आहे. घरातून लष्करी शाळेत धाडलेल्या फ्रान्सिसचे दुःख पुष्कळदा विनोदाखाली दडपले जाते. उलट धाकटा ड्यूई चुकून विशेष वर्गात जातो, आणि चूक उघड झाल्यावरही त्या मुलांना आपली गरज आहे म्हणून तेथेच राहतो. तेथे मालिका उंची गाठते.

खरा प्रश्न शेवटच्या भागात उभा राहतो. माल्कमला भरघोस पगाराची नोकरी देऊ केली जाते, आणि लोइस त्याला न विचारताच ती नाकारते. त्याने कष्टाने वर चढावे, एक दिवस देशाचा राष्ट्राध्यक्ष व्हावे, आणि आपल्यासारख्यांची खरी कळकळ असलेला माणूस त्या पदावर बसावा, हा तिचा हट्ट. अखेरीस तो हार्वर्डमध्ये सफाईचे काम करीत शिकताना दिसतो.

हुशार मुलगा म्हणजे घराच्या दारिद्र्यावरील उतारा, असे आपण सारेच धरून चालतो. लोइस हे गणित उलटे मांडते: घराने सोसलेले त्याने विसरू नये, म्हणून त्याची सुटका लांबवावी. तिचे ध्येय आम्हांस थोर वाटते, पण तिची रीत पटत नाही. त्याग स्वतःचा असेल तोवरच त्याग असतो. दुसऱ्याच्या वतीने केला की तो हुकूम होतो. मालिका हा वाद मिटवीत नाही. आई व मुलगा, दोघांनाही ती आपापल्या जागी खरे ठरू देते. तिच्या हास्याखाली दडलेला हा प्रामाणिकपणाच तिला टिकवून धरील, असे आम्हांस वाटते.