पतित वीराचे दैवतीकरण

मायकेल मूरकॉक यांचा एल्रिक १९६१ साली इंग्रजी कथेत अवतरला. हा राजा स्वतःच्याच नगरीवर शत्रू आणतो. ज्या तलवारीच्या बळावर तो जगतो तिनेच त्याची प्रेयसी मरते आणि अखेर तोही. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात खेळाडू पात्रांच्या भूमिका घेतात, सूत्रधार कथा चालवितो आणि फासे निकाल देतात. त्याच्या १९८० सालच्या ‘डीइटीज अँड डेमिगॉड्स’ या ग्रंथाच्या आरंभीच्या प्रतींत देवदेवतांच्या पंक्तीला एल्रिकही बसला.

या ग्रंथात देव किती घाव सोसून मरेल, याचेही आकडे आहेत. झ्यूसचे ४००! आपल्या सेवापुस्तिकेत शोभावी अशी ही नोंद. अशा पद्धतीने एल्रिकला कोणी देवपदी चढविले, तर त्याचे सामर्थ्य तेवढे वाढेल. अपराध मात्र कोणत्याच रकान्यात मावणार नाही.

लोकमानस याहून जाणते आहे. सातपुड्यातील अस्तंब्याच्या शिखरावर दिवाळीच्या सुमारास आदिवासी यात्रेकरू चढतात, ते अश्वत्थाम्यासाठी. निजलेल्यांना मारणारा, मस्तकीचा मणी गमावलेला हा वीर लोककथेत अजून जखमेसाठी तेल मागत हिंडतो. पूज्य ठरला, तरी त्याची जखम कोणी बुजविली नाही. एल्रिकचे दैवत करावयाचे तर तेही असेच हवे. त्याने वर द्यावा तो भक्ताच्या आप्ताच्या प्राणाच्या मोलाने. आणि तो घ्यावा की नाही, हा पेच फासे पडण्यापूर्वीच खेळाडूपुढे उभा राहावा.