पडण्याचें वाङ्मय

आमच्या एका स्नेह्यांची कन्या उच्च शिक्षणासाठीं अमेरिकेंत राहते. गेल्या वैशाखांत तिचें घरीं पत्र आलें कीं, सुट्टीच्या दिवशीं विमानांतून उडी टाकून हवाई छत्रीच्या साहाय्यानें उतरण्याचें शिक्षण तिनें सुरू केलें आहे. स्कायडायव्हिंग म्हणतात तोच हा खेळ. पत्राबरोबर तिनें शिकाऊ मंडळींच्या नियमांचें एक पुस्तकहि पाठविलें. आमचे स्नेही संस्कृताचे निवृत्त अध्यापक; घरांतलें पोर झाडावर चढलें तरी खालीं उभे राहून देवाचें नांव घेणारे. त्यांची समजूत पटावी म्हणून चिरंजीवांनीं त्यांस या विषयाचे दोन चित्रपट दाखविले. परिणाम असा झाला कीं, होती ती झोंपहि गेली. शेवटीं तें पुस्तक हातांत घेऊन ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, “तुम्ही पुस्तकांचीं परीक्षणें लिहितां. चित्रपटांत एक दिसतें, पुस्तकांत दुसरेंच लिहिलें आहे. माझ्या मुलीचा जीव यांपैकीं कशावर अवलंबून आहे, एवढें मला सांगा.”

परीक्षकास असा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. कादंबरींतील खोटेपणा आम्ही नित्य दाखवितों, पण त्या खोटेपणानें कोणाचें हाड मोडत नाहीं. येथें मात्र वर्णन फसवें असलें, तर त्यावर विसंबणारा खऱ्या जमिनीवर आपटतो. म्हणून चित्रपट, आत्मकथन आणि शिक्षणग्रंथ अशा तिन्ही प्रकारच्या कृति आम्हीं शेजारीं शेजारीं ठेवून तपासल्या. त्या तपासणीचा निष्कर्ष वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम चित्रपट. कॅथरिन बिगेलो यांच्या १९९१ च्या ‘पॉइंट ब्रेक’ मधील आकाशाचें चित्रण मनोहर आहे, यांत शंका नाहीं. निळ्या पोकळींत हात पसरून तरंगणारीं माणसें पाहून कोणाचेंहि मन क्षणभर हलकें होईल. पण तींच माणसें पडतां पडतां एकमेकांशीं संभाषण करतात, आणि नायक तर छत्रीवांचून विमानांतून उडी टाकून खलनायकास हवेंत गांठतो! वस्तुस्थिति अशी कीं, पोटावर आडवें होऊन पडणाऱ्या माणसाचा वेग दहाबारा सेकंदांत ताशीं सुमारें १२० मैलांवर जातो व तेथें स्थिर होतो; त्या वाऱ्यांत शेजाऱ्याचा शब्द कानीं पडणें कठीण. पहिले १००० फूट पडण्यास सुमारें १० सेकंद आणि पुढील प्रत्येक १००० फुटांस सुमारें साडेपांच सेकंद लागतात. म्हणजे १३,००० फुटांवरून निघालेल्या माणसास ३००० फुटांवर छत्री उघडेपर्यंत जेमतेम एक मिनिट मिळतें. चित्रपटांतलें मिनिट बरेंच ऐसपैस आहे.

अतिशयोक्ति हा अलंकार आहे आणि कलावंतास त्याची मुभा असावी, हें आम्हांस मान्य आहे. आमची तक्रार चित्रपट जें वाढवितो त्याविषयीं नसून, जें गाळतो त्याविषयीं आहे. मैदानावरची सकाळ, छतास टांगलेल्या पट्ट्यांत लोंबकळत केलेला सराव, छत्रीची घडी, वाऱ्याची चौकशी, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे शेवटचे शंभर फूट, यांतील कांहींच रंजक नाहीं, म्हणून पडद्यावर त्याला जागा नाहीं. झोया अख्तर यांच्या २०११ च्या ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ या चित्रपटांत उंचीस भिणारा इम्रान एका उडींत भयमुक्त होतो. आपल्याकडील प्रेक्षकांस तो प्रसंग फार प्रिय आहे, आणि मैत्रीचें चित्र म्हणून तो तसा असावाहि. परंतु भीति ही एका स्नानानें धुऊन टाकण्याच्या मळासारखी वस्तु आहे, असा ग्रह त्यानें होतो. चांगला शिक्षक शिष्याच्या भीतीस घालवूं पाहत नाहीं. तो तिला कामास लावतो. भ्यालेला शिष्य पट्टा पुन्हां एकदां तपासून पाहतो, हा तिचा उपयोग.

चित्रपटांकडून आत्मकथनाकडे वळलें म्हणजे पाय जमिनीस लागल्यासारखें वाटतें. अमेरिकन वायुदलांतील अधिकारी जोसेफ किटिंजर यांनीं मार्टिन केडिन यांच्या सहकार्यानें लिहिलेलें ‘द लाँग, लोनली लीप’ हें पुस्तक १९६१ सालीं प्रसिद्ध झालें. १६ ऑगस्ट १९६० रोजीं किटिंजर बलूनमधून १,०२,८०० फुटांवर गेले आणि तेथून त्यांनीं उडी टाकली. शरीर स्थिर राखणाऱ्या लहान छत्रीच्या आधारें ते ४ मिनिटें ३६ सेकंद पडत होते. उंचीचा हा विक्रम २०१२ सालीं फेलिक्स बॉमगार्टनर यांनीं मोडीपर्यंत ५२ वर्षें टिकला.

परंतु आमच्या मतें किटिंजर यांच्या कथेचा गाभा या यशांत नाहीं. तो नोव्हेंबर १९५९ मधील पहिल्या उडींत आहे. त्या वेळीं ७६,४०० फुटांवरून निघतांना ती लहान छत्री वेळेपूर्वीं सुटली आणि त्यांच्या गळ्याभोवतीं गुंडाळली गेली. ते मिनिटास सुमारें १२० गिरक्या घेऊं लागले आणि बेशुद्ध पडले. आपोआप उघडणाऱ्या राखीव छत्रीनें त्यांचे प्राण वाचविले. चार आठवडे उलटण्यापूर्वींच, दोष शोधून व सुधारून, ते पुन्हां वर गेले. ज्या क्षणीं माणूस स्वतःसाठीं कांहींच करूं शकत नाहीं, त्या क्षणाची तरतूद त्यानें आधींच करून ठेवलेली असली पाहिजे, ही शिकवण या प्रसंगाइतकी स्पष्ट आम्हांस अन्यत्र आढळली नाहीं.

याच कथेंतील एका प्रसंगापुढें मात्र वाचकानें सावध राहावें. १९६० च्या उड्डाणांत वर चढत असतां किटिंजर यांच्या उजव्या हातमोज्यांत हवेचा दाब राहिना आणि हात सुजूं लागला. उड्डाण रद्द होईल म्हणून त्यांनीं तें खालच्या मंडळींस लगेच कळविलें नाहीं. शौर्यकथा म्हणून वाचणारा येथें टाळ्या वाजवील. किटिंजर हे प्रयोगांत मुरलेले वैमानिक. आपण काय पत्करीत आहों हें ते जाणत होते. पण ज्या नवशिक्याचा चष्मा नीट बसत नाहीं, मांडीचा पट्टा सैल आहे किंवा डोकें जड झालें आहे, त्यानें हाच कित्ता गिरवून गप्प बसावें काय? नवशिक्यानें किटिंजर यांच्याकडून १९५९ चा धडा घ्यावा आणि १९६० चा त्यांच्याजवळच राहूं द्यावा.

आतां तें नियमांचें पुस्तक. युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन या संस्थेच्या ‘स्कायडायव्हर्स इन्फर्मेशन मॅन्युअल’ या ग्रंथांत अलंकार औषधालाहि सांपडणार नाहीं. पहिला परवाना मिळण्यास निदान २५ उड्या हव्यात. शिकाऊनें आणि पहिल्या परवान्याच्या माणसानें ३००० फुटांच्या खालीं छत्री उघडूं नये. उघडलेली छत्री सदोष असल्यास ती सोडावी कीं काय, याचा निर्णय २५०० फुटांपर्यंत होऊन कृतीस आरंभ झालाच पाहिजे. हे आंकडे प्रथम रुक्ष वाटतात. पण ताशीं १२० मैल म्हणजे सेकंदास १७६ फूट, असा हिशेब मांडला कीं ते बोलूं लागतात. कांहींच उघडलें नसेल तर २५०० फूट म्हणजे अवघे १४ सेकंद! आकाशांत वेळ घड्याळांत पाहावयाचा नसतो. मनगटावरचा उंचीमापक हेंच तेथील घड्याळ.

छत्री उघडतांच शिकाऊनें मनाशीं तीन प्रश्न विचारावयाचे: ती आहे काय, चौकोनी आहे काय, वळविल्यास वळते काय? एकाचें उत्तर नकारार्थी येऊन दोष दूर होत नसेल, तर उजवीकडील मूठ ओढून मुख्य छत्री सोडावयाची आणि डावीकडील मूठ ओढून राखीव उघडावयाची. हें सारें जमिनीवर इतक्यांदा घोकून घेतात कीं, मन गोंधळलें तरी हात चुकूं नयेत. आमच्या स्नेह्यांस हें वाचून दाखविलें, तेव्हां त्या दिवसांत प्रथमच त्यांच्या मुद्रेवर हसूं आलें. अमरकोश आणि रूपावलि पाठ करविण्यांत त्यांचा जन्म गेला होता; अर्थ पुढें कळेल, आधीं जिभेस वळण लागूं द्या, ही त्यांचीच पद्धति त्यांना सातासमुद्रांपलीकडे भेटली.

साहित्यासंबंधींचा उपदेशहि असाच नेमका आहे. माणूस, कपडे व सर्व सामान मिळून जितके पौंड वजन भरेल, निदान तितके चौरस फूट क्षेत्राची छत्री नवशिक्यानें वापरावी. लहान छत्री वेगवान असते, ऐटबाज दिसते, आणि तरुण मन तिच्याकडे ओढलें जातें. पण तिचा वेग तिच्यावर बसणाऱ्याच्या चुकांसहि मिळतो. वापरलेलें सामान विकत घेण्यापूर्वीं तें शिक्षकास व परवानाधारक कारागिरास दाखवावें. राखीव छत्रीची घडी अशा कारागिरानेंच घातली पाहिजे, आणि अमेरिकेंत ती १८० दिवसांपेक्षां जुनी चालत नाहीं. अंगावरील सामान तीनदां तपासावें: चढविण्यापूर्वीं, विमानांत शिरण्यापूर्वीं आणि उडीपूर्वीं. डोक्यावर कॅमेरा बांधण्याची हौस २०० उड्या होईपर्यंत आवरावी. राखीव छत्री आपोआप उघडणारें यंत्र शिकाऊच्या पाठीवर असतेंच. या यंत्रांपैकीं १९९१ सालीं जर्मनींत निघालेलें ‘सायप्रेस’ सर्वश्रुत आहे. त्याचा अनुभवी लोकांसाठीं असलेला प्रकार सुमारें ७५० फुटांवर माणूस अजून वेगानें पडत आहे असें दिसतांच काम करतो. पण तेथून जमीन चारपांच सेकंदांवर असते. म्हणून शहाणा माणूस या यंत्रास शेवटचा सोबती मानतो, नोकर मानीत नाहीं.

साधनें सुधारलीं, पण माणूस सुधारला काय? सदोष छत्री खांद्यापासून एका ओढीनें सुटावी, यासाठीं तीन कड्यांची सोपी युक्ति काढणारे बिल बूथ यांनींच पुढें एक उपरोधिक नियम सांगितला. त्याचा आशय असा कीं, साधनें जितकीं निर्धोक होतील तितका माणूस अधिक धोका पत्करील आणि मृत्यूंचें मान जेथल्या तेथें राहील. सुदैवानें हा नियम पुरता खरा ठरला नाहीं. १९७० च्या दशकांत अमेरिकेंत या खेळानें वर्षाकांठीं सरासरी ४० हून अधिक बळी घेतले. २०२३ सालीं सुमारें ३६ लाख ५० हजार उड्यांत १० माणसें दगावलीं. तथापि बूथ यांच्या नियमांतील डंख अजून गेलेला नाहीं. आज दगावणाऱ्यांपैकीं कित्येकांची छत्री पूर्ण व निर्दोष उघडलेली असते. जमिनीलगत झपाट्याचें वळण घेण्याच्या मोहानें, किंवा आयत्या वेळीं अडथळा चुकविण्याच्या घाईनें, ते प्राणास मुकतात. प्रेक्षकाचें काळीज विमानाच्या दारापाशीं धडधडतें. धोका मात्र बहुधा शेवटच्या शंभर फुटांत दबा धरून असतो, आणि नेमकें तेंच चित्रपटानें गाळलेलें असतें.

म्हणून ग्रंथ सर्वगुणसंपन्न आहे काय? तसेंहि नाहीं. त्यांतील अनेक नियमांमागें कोणाचा तरी अपघात उभा आहे, पण तो नियमांत दिसत नाहीं. नियम लक्षांत राहण्यास त्यामागची कथा लागते, हें पुराणिकांस जितकें ठाऊक आहे तितकें नियमकारांस नाहीं. शिवाय माणसें इतका खटाटोप करून वर जातात तीं कोणत्या आनंदासाठीं, याचाहि ग्रंथांत पत्ता लागत नाहीं. तो चित्रपटालाच विचारावा लागतो. ज्या लेखनांत आत्मकथनाचा प्रांजळपणा आणि नियमांचा नेमकेपणा एकत्र येईल, तें या विषयावरील खरें वाङ्मय होय.

असें लेखन मराठींत व्हावयास हवें, आणि त्यास अनुभवाचा तोटा नाहीं. पुण्याच्या शीतल महाजन यांनीं २००४ सालीं उत्तर ध्रुवावर उडी घेतली. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. आणि फेब्रुवारी २०१८ मध्यें थायलंडांतील पट्टाया येथें त्यांनीं नऊवारी नेसून सुमारें १३,००० फुटांवरून उडी टाकली. नऊवारीचें छायाचित्र घरोघर कौतुकानें पाहिलें गेलें. पण तें वस्त्र वाऱ्यानें सुटूं नये म्हणून ठिकठिकाणीं टांचण्यांनीं व चिकटपट्टीनें पक्कें करावें लागलें होतें, हा तपशील किती जणांच्या लक्षांत राहिला? सुटा पदर मुठीवर आला किंवा छत्रीच्या दोऱ्यांत अडकला, तर काय ओढवेल हें सांगावयास नको. त्या दिवसापर्यंत शेंकडों उड्यांचा अनुभव पाठीशीं होता, म्हणूनच त्यांस तें साहस शोभलें. छायाचित्रांत लुगडें दिसतें, टांचण्या दिसत नाहींत. लेखकानें टांचण्या दाखवाव्यात.

आम्हीं स्नेह्यांस उत्तर दिलें तें इतकेंच: मुलीचा जीव त्या रुक्ष पुस्तकावर आणि तें पाळण्याच्या तिच्या संवयीवर अवलंबून आहे, चित्रपट तिनें हवे तितके पाहावेत, पण ते जमिनीवर. धोका उरतोच, तो नाहीं असें आम्हीं त्यांस सांगितलें नाहीं.

गेल्या महिन्यांत कन्येचें दुसरें पत्र आलें आणि स्नेह्यांनीं तें आम्हांस वाचावयास दिलें. त्या रविवारीं ती पहांटेच मैदानावर गेली होती. शिकाऊंसाठीं वाऱ्याची मर्यादा ताशीं १४ मैलांची. वारा दिवसभर तिच्या वरच होता. जुनी मंडळी उडत होती, ही खालीं बसून छत्रीची घडी घालण्याचा सराव करीत होती, आणि संध्याकाळीं उडी न टाकतांच परतली. पत्रांत आकाशाचें वर्णन नव्हतें कीं स्वतःच्या धैर्याचा उल्लेख नव्हता. शेवटीं एवढेंच होतें कीं, घडी आतां बरी जमते, पण शिक्षक ती अजून सोडून पाहतात, आणि दोनदां त्यांनीं ती पुन्हां घालावयास लावली. स्नेही म्हणाले, त्या रात्रीं आपणांस स्वस्थ झोंप लागली.